काचेच्या पाटीवरच्या दोन ओळी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमची दोघांची भांडणं तिन्ही मागच्यासारखीच चालू असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ठीक कोणीही नाही.)

तुझ्या भाचीच्या अक्षराची कीर्ती तुझ्यापर्यंत आलीच आहे. गेल्या महिन्यात तिच्या वर्गाच्या बाईंची चिठ्ठी आली. पोरीला उत्तरं सगळी येतात, पण कागदावर अर्धीच उतरतात, तेव्हा तपासणी करून अहवाल आणा, नाहीतर याच वर्गात आणखी एक वर्ष. आता वर्षभर मी काय केलं तेही ऐक. ऑफिसातून आलो (शिक्के मारायचं काम मी आपणहून का मागून घेतलं ते तुला ठाऊक आहे) की तिला दहा ओळी लिहायला बसवायचो, आणि मनासारख्या नाही आल्या की पान टर्रकन फाडायचो. वर माझी चौथीची वही नाचवायचो, की बघ, तुझ्या वयात बापाचं अक्षर कसं मोत्यासारखं होतं! (ती वही कोणी लिहून दिली होती हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. इतकी वर्षं तू गप्प राहिलीस, उपकार झाले.)

तर गेलो तपासणीला. समोर डॉक्टर नव्हत्याच, गणित शिकलेल्या एक बाई होत्या. टेबलावर एक काळी काचेची पाटी, तिच्यावर साधा कागद लावलेला आणि एक जाडसर पेन. पेन कागदावर लिहितं आणि खालची पाटी सेकंदाला दोनशे वेळा टिपून घेते, की ते कुठं आहे, किती दाबलंय, किती कललंय, हवेत किती वेळ थांबलंय. त्या सगळ्याचं मग गणित मांडतात. बाई म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे का याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, हात कसा चालतो ते आम्ही बघतो. मी समजल्यासारखी मान डोलावली. मनात म्हटलं, यंत्र झालं तरी शेवटी मार्कच देणार ना!

सहा ओळी उतरवायच्या होत्या. चार झाल्या आणि पोरीला बाथरूमला लागली. बाई तिला दाखवायला गेल्या. खोलीत मी आणि ते पेन. ताई, पुढचं तू ओळखलंस. उरलेल्या दोन ओळी मी लिहून टाकल्या, जीभ बाहेर काढून, जिवाचा आटापिटा करून, की पोरीचं वर्ष वाचावं. पोरगी परत आली, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. बाई आल्या त्या फोनवर बोलतच आल्या. झालं का, म्हणाल्या. झालं, म्हटलं.

थोड्या वेळानं पडद्यावर रेघांचे डोंगर उमटले. पहिल्या चार ओळींचं काही विशेष नव्हतं. हात लवकर दमतो, थोडा सराव, परीक्षेत जादा वेळ, वर्ष वाया घालवायचं काही कारण नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग पाचवी ओळ आली आणि बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. इथून हाताची चाल बदललीये, म्हणाल्या. प्रत्येक अक्षराच्या आधी पेन हवेतच थांबतंय, आणि टेकलं की कागदाच्या आरपार जाईल इतका दाब. मार बसेल या भीतीनं लिहिणाऱ्या मुलांचं असं होतं. घरी हिला कोणी मारतं का?

पोरगी म्हणाली, "मला नाही मारत. त्या दोन ओळी बाबांच्या आहेत."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वय विचारलं, शेहेचाळीस सांगितलं, आणि त्यांनी त्या दोन ओळी वगळून अहवाल छापला.

घरी येताना पोरीनं माझं बोट धरलं आणि विचारलं, तुम्हाला कोण मारायचं? सांगितलं तिला सगळं, गुरुजींची पट्टी, खिडकीबाहेर भिरकावलेली वही, सगळं. भर रस्त्यात मला रडू फुटलं गं. माराचं नाही, तो कधीच जिरला. मी फाडलेल्या पानांचं.

अहवाल शाळेत दिला. पोरीचं वर्ष वाचलं. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र टाइप केलेलं आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला हातानं लिहिलेलं पत्र मी कधी पाठवलंय, आठवून बघ.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण आता सांगतो. मोत्यांची वही तुझी आहे हे मी पोरीला सांगून टाकलं. आता ती म्हणते, तुमची खरी वही दाखवा. गुरुजींनी भिरकावलेली ती तूच चिखलातून उचलून आणली होतीस. टाकून दिली असं म्हणू नकोस, तू आजवर रिकामी बाटलीसुद्धा टाकलेली नाहीस. तेवढी पाठव.

शेवटचा ता. क. ही ओळ मात्र हातानं लिहिली आहे. पोरगी शेजारी बसली होती. चारदा खोडली, तिनं पान फाडलं नाही.