रिकामा परत गेलेला डबा

बुऱ्हाणपूर,
१२ डिसेंबर २०२४

ती. निर्मलावन्सं,

साष्टांग नमस्कार. धूलकोटला थंडी पडली असेल. गुडघ्यांना तेल लावता ना, की नुसतं बाटलीकडे बघता? इथं सगळं ठीक. तृप्तीची इंदूरची नोकरी ठीक, माझी शाळा ठीक. एवढं 'ठीक' वाचून तुम्हाला शंका आलीच असेल.

लेक दिवाळीला आली तेव्हा तिनं टीव्हीवर सिनेमे लावून दिलेत. संध्याकाळी मी प्रेमाचे, गमतीचे बघते. पोस्टरवर दोघं पाठीला पाठ लावून उभी असली की लग्न नक्की. मग मजा कशात? तर ते आपल्याला ठाऊक असतं, त्या दोघांना नसतं. काळजी दुसऱ्याची आणि शेवटाची हमी आपल्याला. याहून स्वस्त चैन नाही. गैरसमज तर असले की एका फोनवर मिटावेत. मी सोफ्यावरून नायिकेला ओरडते, बाई, फोन कर ना.

आमच्या शाळेतले प्रभाकर सर इथंच लालबागला त्यांच्या घरी हेच सिनेमे बघतात. विधुर आहेत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघं मिळून नायकाची सालं काढतो. परवा त्यांनी मला दराब्याच्या मिठाईचा डबा दिला आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "मॅडम, आता एकाच टीव्हीवर बघितलं तर?"

मी घाबरले. डबा घासला, पुसला आणि शिपायाच्या हाती तसाच पाठवून दिला. आपल्यात रिकामं भांडं परत गेलं म्हणजे येणंजाणं संपलं. शेजारणीची वाटीसुद्धा मी साखर घातल्याशिवाय देत नाही, तुम्हीच लावलेली सवय. सरांनी समजायचं ते समजून घेतलं. आता पेपरच्या आड बसतात.

फोन हातात घेते, ठेवते. भीती सरांची नाही, वन्सं. तुमची आहे. तुमचा भाऊ गेला तेव्हा बाकीचे तेरावं जेवून निघाले, तुम्ही राहिलात. माझ्या पानात भात उरला तर रागवायचात. मी दुसऱ्या घरी गेले तर तुमची कोण लागेन? यावर कुणी सिनेमा काढलेला नाही, त्यामुळे शेवट ठाऊक नाही.

तरी आज सरांना फोन करून 'हो' म्हणणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, कारण तुम्ही नको म्हणालात तर मी ऐकेन. रागवा, हवं ते बोला. गप्प मात्र बसू नका.

तुमची भावजय
(हा शब्द खोडायचा असेल तर तुम्ही खोडा, माझ्या हातून होत नाही),
चारुलता