गोविंद सोडून सगळी नावं

४ जानेवारी
सांता क्लाराला भाऊकाकांकडे तालीम. अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पणजोबांच्या संगीत नाटकातली पदं, रुक्मिणीची मी म्हणायची. फ्लायर बघून डोकंच फिरलं. ‘पदरचना : गोविंदराव’. पणजी यमुनाबाईचं नाव कुठेच नाही. आजोबा मरेपर्यंत सांगायचे, पदं आईची, नाव बाबांचं. भा. का. म्हणाले, "घरोघरी असं काहीतरी सांगतात गं. पुरावा आण, छापतो." आणि हे स्वतःच्या सख्ख्या आजीबद्दल.

७ जानेवारी
छापील पुस्तक एकच, भा. का.कडे. पदं त्यांनी टाइप करून पाठवली. स्कॅन मागितला, तर म्हणे पानं फाटतील. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ जानेवारी
सापडलं. फ्रीवेवर ट्रॅफिकमध्ये पदं घोकत होते. कृष्णाचं नाटक, त्यामुळे हरी, श्याम, मुरारी, केशव, सगळे हजर. गोविंद कुठेच नाही. कसा असेल? नवऱ्याचं नाव पणजी घेईल कशी, देवाचं असलं म्हणून काय झालं? आमच्या धाकट्या आजीचा नवरा विठ्ठल, ती आरतीतसुद्धा तेवढा शब्द गिळायची.
संजय म्हणे, यार, कोइन्सिडन्स असेल. नवऱ्यांना काय कळतंय.
भा. का.ना फोन केला. म्हणाले, "बघतो."

१४ जानेवारी
भा. का.चा मेसेज. एक पद पाठवायचं राहिलं होतं म्हणे. शेवटच्या अंकातलं, रुक्मिणीच्या लग्नाचं. शेवटच्या ओळीत ठसठशीत ‘गोविंद’. नेमकं हेच राहिलं? आणि आत्ताच सापडलं? काकांनीच रचून घुसवलं असणार. ऐंशीच्या माणसावर संशय घ्यायची लाज वाटली. तरी घेतला.

१७ जानेवारी
न सांगता काकांकडे गेले. काका पानं फाटतील म्हणत टाळत होते, काकूंनी पुस्तक आणून हातात ठेवलं. पद आहे. पिवळं पान, जुना छापा, सगळं खरं. माझा पुरावा गेला. काका मात्र जिंकल्यासारखे दिसत नव्हते. मी गाडीत बसून रडले.

२४ जानेवारी
फ्रीमाँटला नेहाकडे हळदीकुंकू. सायलीचं नुकतंच लग्न झालंय, एरवी दिवसभर "अरे निखिल" चालू असतं. सगळ्यांनी उखाण्यासाठी धरलं तर चक्क लाजली. पहिली ओळ भराभर म्हणाली, दुसरीत अडली, मग नाव घेतलं.
तिळगूळ माझ्या हातातच राहिला. रुक्मिणीचं पद. लग्नाचं, आणि नाव शेवटच्या ओळीत. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं ते असंच. नाटकभर गिळलं आणि तिथे घेतलं यमुनाबाईनं.
की मला तसं हवंय म्हणून दिसतंय? गोविंदरावांनी स्वतःच घातलं असेल तर? आता माझा माझ्यावरही भरवसा नाही.

२५ जानेवारी
भा. का.ना सांगितलं. म्हणाले, "आजी उखाण्यात नावाआधी थांबायची. आम्ही पोरं मागे लागायचो, घे ना, घे ना." फ्लायर बदलणार का विचारलं, तर म्हणे तालमीला वेळेवर ये.

३० जानेवारी
फ्लायर तोच. एकच नाव.
उद्या कार्यक्रम. शेवटच्या ओळीत ‘गोविंद’च्या आधी मी थांबणार आहे, कुणाला न सांगता. पेटीवर भा. का. आहेत. बघू, तेही थांबतात का.