दोन गोळ्यांचं छान जमलंय

४ मार्च, सोमवार
खोकला जाईना. आज बस स्टँडवर माइकवरून गाडी कुठली ते सांगितलं, फलाट मात्र खोकल्यात गेला. माणसं सैरावैरा. साहेब म्हणाले, आधी छाती दाखवून या.
छातीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी दिली. विचारलं, आणखी काही औषधं चालू? नुसतं ‘छे!’ म्हटलं. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची गोळी घेतोय, पण तिला आता औषध कोण म्हणतं? ती घरचीच झाली आहे.

५ मार्च
कमाल औषध! खोकला निम्मा. पहाटे उठून माळा आवरला. बायको म्हणाली, हार्टच्या डॉक्टरांना एक फोन करा, रक्त तपासून घ्या. उद्या. नक्की.

७ मार्च
फोन राहिला. वेळ कुठाय? अंगात नुसती वीज. बाथरूमचा नळ खोलला. जोडायचाय. मध्येच खिडक्या पुसायला घेतल्या. जेवून उठलो की पुन्हा भूक. दात घासताना रक्त आलं. ब्रश हलक्या प्रतीचा. मऊ आणणे.

९ मार्च
मऊ ब्रशनेही रक्त. म्हणजे पेस्ट. दंडावर जांभळा डाग, कपाट सरकवताना लागलं असणार. कपाट सरकवलंच नव्हतं, म्हणे मुलगी. खुसपटं काढण्यात आईवर गेलीय. म्हणाली, या दोन गोळ्या एकत्र झाल्या की रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. म्हटलं, बरंच की, वाहायला सोपं. दोघी हसल्या नाहीत.

१० मार्च
पोट दुखतंय. शौचाला डांबरासारखं काळं. काल पालक खाल्ला होता. जिना चढताना अंधारी. उद्या पहिलं काम नळ, दुसरं डॉक्टर.

१३ मार्च, हॉस्पिटल
परवा सकाळी बाथरूममध्येच कोसळलो. दोघींनी उचलून आणलं. पोटात रक्तस्राव. रक्ताच्या बाटल्या चढवल्या. दोन्ही डॉक्टर माझ्या खाटेशी पहिल्यांदा भेटले. छातीचे म्हणाले, सांगितलं असतंत तर दोन्ही औषधं सांभाळून देता आली असती. रक्त लगेच आणि वरचेवर तपासलं असतं, जुन्या गोळीचा डोस बदलला असता, पोटाला जपणारी गोळी दिली असती. आणि आपल्या मनाने काही बंदही करायचं नाही, म्हणाले.
 बायको माझा हात सोडेना. 
निश्चय केला: यापुढे लपवाछपवी बंद.
तेवढ्यात नर्स आली. आणखी कसल्या गोळ्या घेता का, विचारलं. ठामपणे नाही म्हणालो.
बायकोने माझ्या शर्टाच्या खिशातून कंबरदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. अर्धं रिकामं होतं.