आईच्या ईस्टरची हॅट

एल्मोर फेरी, मिसिसिपी
ता. ४ मार्च १९७४

चि. वर्डेल हिला दादाकडून पोटभर आशीर्वाद.

डेट्रॉइटहून शिव्या निघायच्या आत लिहितो. माझी लाँड्री बरी चाललीय. लोक अजून मळतात, देवाची कृपा. आईचं मात्र बरं नाही. डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन बोलले, पण तिचे कान माझ्याहून तिखट. आत गेलो तर म्हणाली, ईस्टरपर्यंत टिकते म्हणून सांग त्याला. आणि ईस्टरला चर्चमध्ये नवी हॅट हवी. कॅटलॉगातली नको; चौकातल्या दुकानात, आरशासमोर बसून, स्वतःच्या डोक्यावर घालून घेतलेली.

म्हणून शनिवारी सगळा चौक पालथा घातला. इतकी वर्षं या गोऱ्या लोकांचे सूट इस्त्री करतोय, पण गिऱ्हाईक म्हणून कधी फिरलो नव्हतो. बुटांच्या दुकानात आता मेणबत्त्या विकतात. कापडवाल्याने पर्यटकांसाठी पेकनची, म्हणजे आपल्या इथल्या अक्रोडासारख्या दाण्यांची, मिठाई मांडलीय. मी वासावरच भागवलं. बियाणंवाला म्हातारा म्हणाला, हायवेवर मोठं दुकान झाल्यापासून माझ्याकडे लोक फक्त किती वाजले ते विचारायला येतात.

हॅटचं दुकान एकच उरलंय, मिस टार्व्हरचं. तेही ईस्टरनंतर बंद. आईला आणू का म्हणून विचारलं, तर बाई बराच वेळ धूळ झटकत राहिली. मग म्हणाली, आण ओथा, पण सकाळी आण, गर्दी नसते तेव्हा. गर्दी कसली, दुकानात मी आणि माशा.

नेऊ का? तुझं मत कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ओथा

डेट्रॉइट
ता. १२ मार्च

ती. ओथादादास वर्डेलचा नमस्कार.

तू त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हतास, म्हणून विचारतोस. मी आठ वर्षांची होते, आई मला त्या हॅटच्या दुकानात घेऊन गेली होती. आईने निळी हॅट नुसती उचलली, तर याच मिस टार्व्हरने ती हातातून काढून घेतली. तुम्हा काळ्यांच्या डोक्याला लागली की दुसरी कुणी घेणार नाही, म्हणाली. बाहेर आल्यावर आईने मला सांगितलं, रंगच आवडला नाही. तेव्हापासून ती त्या फुटपाथवरून चालत नाही. तुला वाटतं, गुडघे दुखतात.

आणि आता म्हणे सकाळी आण, कुणी बघायला नको! आजारी बाईला पुन्हा तिथे उभं करू नकोस. हॅट मी इथून पाठवते.

पण तिने ठरवलंच असेल, तर तुझं-माझं कोण ऐकतंय. मग दुपारीच ने, भर बाजारात. कशी दिसली ते लिही. वेळेवर जेवत जा, आणि रागावले तरी बहीण आपलीच समज.

तुझी,
वर्डेल

एल्मोर फेरी
ता. २५ मार्च

चि. वर्डेल हिला आशीर्वाद.

शनिवारी दुपारी नेली. दोन गोऱ्या बायका आधीच होत्या. आम्हाला बघून हॅट ठेवून निघाल्या. मिस टार्व्हरने स्वतः खुर्ची पुढे केली आणि आईला मिसेस गेन्स म्हणाली. या चौकात कुणा गोऱ्याने तिला मिसेस म्हणताना मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आईने एकेक हॅट मागवली. घातली, काढली, पुढची द्या म्हणाली. ती बाई न कुरकुरता देत राहिली. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मग आई थांबली. उघड्या डोक्याने आरशात बघत बसली. आजारपणात तिचे केस पार विरळ झालेत, हे तुला लिहिलं नव्हतं. मिस टार्व्हरने हळूच विचारलं, एखादी बांधून देऊ का? आईने मानेनेच नको म्हटलं आणि माझा हात शोधला.

गाडीत मी म्हटलं, चांगली जिरवलीस. ती हसली नाही.

"मला वाटलं, त्या आरशात ती असेल," म्हणाली. "वर्डेलला घेऊन आली होती ना, ती. ही म्हातारी कोण रे?"

घरी आल्यापासून ती उठलेली नाही. काल मला जवळ बोलावून म्हणाली, वर्डेलला लिही, लाल घेतली, फार शोभली मला. लिहितो म्हटलं.

ईस्टरची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीने नीघ. आणि आल्यावर हॅट दाखव म्हणू नकोस. लाल तुला शोभतोच, एवढंच तिला म्हण.

वाट बघणारा,
ओथा