सोमवारची गोळी

दि. १४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय बारकू,

तुम्हा दोघांना आशीर्वाद.

आज रजा घेतली आहे. सकाळी पाणी भरलं, चहा केला, दोन बादल्या कपडे धुवून वाळत घातले. पोरगी मुलाखतीला गेली. ती गेल्यावर तुझ्या ताईचं कपाट आवरायला घेतलं, वरचा कप्पा उघडला आणि परत लावून टाकला. मग जेवलो. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. इकडची बाकी खुशाली लिहिण्याजोगी नाही.

तू गुरुवारी फोनवर विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करतो. तुझी ताई म्हणायची, तुमचं दोघांचं बोलणं म्हणजे एकाचा रेडिओ आणि एकाचं घोरणं. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. हॉस्पिटलमध्ये तू केलेली धावपळ मी विसरलेलो नाही. मला घरी पाठवून तू स्वतः बाकावर झोपलास. तुझ्या दुकानात गल्ल्यावर ती पडली तेव्हा रिक्षाची वाट न बघता तू तिला उचलून पळालास, हेही लोकांनी सांगितलं. पुढचं वाचताना हे मी लिहिलं होतं एवढं लक्षात ठेव.

तुझी ताई गेल्यावर लोक भेटायला येत होते त्या दिवशी मी आत कप विसळत होतो. बाहेरच्या खोलीत तू काकांना सांगत होतास, "ताई पहिल्यापासून हट्टी. गोळ्या चुकवत असणार, डॉक्टरांनी पण तेच विचारलं. आणि आमचे भाऊजी हे असे. घर पेटलं तरी म्हणतील, उजेड बरा पडलाय." दोघंतिघं दबक्या आवाजात हसले. वाक्य चांगलं होतं. मलाही क्षणभर हसू आलं. मग मी नळ मोठा केला.

तुला आमच्या घरातलं माहीत नसेल, म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी तिचं बीपी निघालं तेव्हापासून आम्ही तिघांनीही मीठ जवळजवळ सोडलं होतं. एकटीने अळणी जेवू नये म्हणून. पहिलं वर्ष बरं गेलं. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या, एक गुलाबी आणि एक छोटी पांढरी. प्रेशर उतरलं, डोकं दुखायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा.

मग ते चढायला लागलं आणि उतरेना. गुलाबी गोळीची ताकद वाढवली. तिसरी गोळी आली. सकाळी उठली की तिचं डोकं जड, संध्याकाळी पायांना सूज. आम्ही कारणं शोधत बसलो. टीव्हीवर भांडणं असतात म्हणून मालिका बंद केल्या. पोरीने मोठ्याने बोलणं सोडलं. लग्नाचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही असं ठरलं. शेजारीण म्हणाली लसूण खा, तर लसूण. तिच्याशी कुणी वाद घालत नव्हतं, कुणी तिला वाईट बातमी सांगत नव्हतं. एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, मी काय काचेची आहे का? कुणीतरी भांडा माझ्याशी."

दर महिन्याला डॉक्टर विचारायचे, "गोळ्या घेताय ना नियमित?" मी शेजारच्या खुर्चीवर असायचो. उत्तर मीच द्यायचो. "हो, सगळ्या." ती मान हलवायची.

तुझं दुकान सोमवारी बंद. सोमवारी ती वेगळी असायची. उठल्या उठल्या तांब्याभर पाणी प्यायची, उभ्यानेच, घटाघटा. मला वाटायचं सुट्टीच्या दिवशी माणसाला तहानही जास्त लागते. दुपारी मी म्हणायचो, चल, कुठेतरी जाऊन येऊ, सिनेमा बघू, तळ्यावर बसू. ती म्हणायची, "नको, आज घरीच बरं." दर सोमवारी हेच. शेवटी मी विचारायचं सोडलं. मी धरून चाललो की तिला माझ्याबरोबर कुठे जायची हौस उरलेली नाही. या वयात असं होत असेल, अशी समजूत घालून घेतली. हे मी कुणाला बोललो नाही.

बाकीच्या दिवशी ती सकाळी अर्धा कप चहा घ्यायची आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकून दुकानात जायची. रात्री घरी आली की चपलासुद्धा न काढता सरळ आत. पोरगी ओरडायची, "वाट सोडा, आईची गाडी आली." मी पाय पोटाशी घ्यायचो. आमच्या घरातला हा रोजचा विनोद होता. बाहेर आली की पिशवीतली बाटली काढून गॅलरीतल्या कुंड्यांना घालायची. बाटली भरलेलीच असायची. मी म्हणायचो, झाडांना लळा लावलास. ती म्हणायची, "मग काय, ओतून देऊ?"

बारकू, मी वजनमापे खात्यातला माणूस. दुकानदाराच्या मीटरपट्टीचं टोक झिजलेलं असेल तर मला दारातून दिसतं.

आता गुरुवारचं. तू म्हणालास, गल्ल्यावर घरचंच माणूस हवं, ताईची जागा भाचीने घ्यावी, पगार बाहेरच्यापेक्षा चांगला देईन. पोरगी इस्त्री करत होती. मी तिला तुझा निरोप सांगितला.

ती म्हणाली, "जाईन की. पण मामाला म्हणावं, आधी बाथरूम मोकळं कर."

"कसलं बाथरूम?"

"जिन्याखालचं. तीन वर्षांपूर्वी दुकान मोठं केलं तेव्हापासून तिथे पडद्यांचे रॉड आणि अस्तराचे तागे आहेत. आत उभं राहायला जागा नाही."

मी म्हटलं, "मग आई काय करायची?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? आई पाणी प्यायची नाही. आणि ती पांढरी गोळी फक्त सोमवारी घ्यायची."

"तुला कोण म्हणालं?"

"तीच. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस. ते बारकूशी बोलायला जातील आणि दोघांत उगाच वाकडं येईल."

मी खरंच तुझ्याशी बोलायला आलो असतो का, हे मला सांगता येत नाही. तिला मात्र तेवढा विश्वास होता.

आता स्पष्ट लिहितो. ती पांढरी गोळी लघवीची होती. घेतली की काही तास घटकेघटकेला जावं लागतं. हा शब्द मी आजवर कुठल्या पत्रात लिहिलेला नाही आणि तिच्या तोंडून तर मी तो कधी ऐकला नाही. तुम्ही पुरुषमाणसं गल्लीच्या टोकाला जाऊन येता. तिने कुठे जायचं? पोरगी म्हणाली, समोरच्या हॉटेलवाल्याने एकदा-दोनदा जाऊ दिलं. नंतर म्हणाला, बाई, हे बाथरूम गिऱ्हाइकांसाठी आहे. तेव्हापासून तिने रस्ता ओलांडला नाही.

हे वाचून तू म्हणशील, मला सांगायचं तरी. तुला सांगितलं होतं. तुझ्या नव्या घरी आपण सगळे जेवायला बसलो होतो. ती वाढता वाढता म्हणाली, "बारकू, जिन्याखालचं ते मोकळं कर रे. रॉड माळ्यावर टाक." तू म्हणालास, "ताई, तिथल्या फुटाफुटाचं भाडं भरतो मी. आणि तुला काय करायचंय? तुझी टाकी मोठी आहे, सकाळी रिकामी करून आलीस की संध्याकाळपर्यंत बघायला नको." सगळी पंगत हसली. तीही हसली आणि तुझ्या ताटात भात वाढला. मीही हसलो असेन. मला आठवत नाही, आणि तेच राहून राहून टोचतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. चारचौघांत एकदा टाकी म्हणवून घेतल्यावर कुठली बाई परत काढेल?

शनिवारी मी डॉक्टरांकडे एकटा गेलो. त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "दुसऱ्या गोळ्या होत्या हो. निदान वेळ तरी बदलून दिली असती, दुकानातून आल्यावर घ्या म्हटलं असतं. मला कुणी बोललंच नाही." मी उठलो तेव्हा म्हणाले, "मी तरी कुठे विचारलं. घेताय ना, एवढंच विचारायचो." ते माझ्याशी चांगलं बोलले. मला ते चांगलं बोलणं सोसलं नाही. एवढं सोपं होतं हे त्यांनी सांगायला नको होतं.

आम्ही चार वर्षं मीठ सोडून बसलो होतो.

गेल्या दोन-तीन दिवसांत तपासणीला जिथे जिथे गेलो तिथे काम झाल्यावर मागे डोकावून बघितलं. भांड्यांचं दुकान, चपलांचं, औषधांचंसुद्धा. विकायला बायका सगळीकडे उभ्या आहेत. एका दुकानदाराने विचारलं, "साहेब, काही शोधताय का?" मी म्हटलं, काही नाही. तो घाबरला आणि त्याने माझ्यासाठी थंड पाणी मागवलं. काउंटरवरच्या बाईने आणून दिलं. मला ते पिता येईना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की पोरगी येणार नाही. ती तयार होती. मामाने जागा मोकळी केली तर जाते म्हणाली. मी नाही म्हटलं. तिला मी फारसं कधी नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे तिने ऐकलं आणि आजच्या मुलाखतीला गेली. आता तू ती जागा लगेच मोकळी करशील हे मला ठाऊक आहे. उद्या सकाळीच करशील. ताई गेल्यावर मोकळ्या झालेल्या त्या जागेत माझी पोरगी जाणार नाही.

पण मोकळी कर. कापड मोजायला ठेवलेल्या त्या दोघी आहेत. रात्री घरी निघताना त्यांच्या बाटल्या एकदा उचलून बघ. वजनावरून कळेल.

लोकांना काय सांगायचं ते सांग. माझ्याबद्दल म्हणालास ते खरंच आहे, ते तसंच राहू दे. फक्त तिला हट्टी म्हणू नकोस. ती हट्टी असती तर जिन्याखालची खोली तिने तुझ्याकडून केव्हाच घेतली असती. तू शाळेत असताना तापाने पडलास की तुझ्या उशाशी बसून राहायची ती, जागची हलायची नाही. बसून राहायची सवय तिला तेव्हापासूनची.

दुकानातून तू तिची पिशवी पाठवलीस ती मिळाली. चष्मा, छत्री, डबा सगळं आहे. डबा पोरीने घासला. बाटली मी तशीच ठेवली होती, त्या दिवशीची, गळ्यापर्यंत भरलेली. आता हे लिहिता लिहिता तिचं झाकण उघडलं आणि अर्धी प्यालो. पाण्याला प्लास्टिकचा वास लागला आहे. पोरगी यायला अजून वेळ आहे. उरलेलं पाणी कुंड्यांना घालतो, बाटली घासतो आणि ओट्यावर पालथी घालून ठेवतो.

तुझ्या ताईचा नवरा