चित्रपटात ती परत येते

४ जानेवारी, सकाळ

कुईं, कुईं, खट. आमच्या जुन्या थिएटरचा पडदा कप्पीवरून सरकायचा, त्याचा हा आवाज. तिसरी घंटा व्हायची, पंखे मंदावायचे, मागच्या रांगेतला कुणीतरी शेवटचं खोकून घ्यायचा, आणि मग कुईं, कुईं. पन्नास वर्षं झाली त्याला. आज पहाटे अगदी स्पष्ट ऐकला. आता नामावली सुरू होणार म्हणून डोळे मिटून पडून राहिलो. डोळे उघडले तर ही कपाट उघडत होती. बिजागरीला तेल घाला म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं, असं म्हणाली.

तेल घालणार नाही. काही आवाज जपायचे असतात.

आजपासून टीव्हीवर ती मालिका. कादंबरी तीच, जिच्यावर आमचा चित्रपट निघाला होता. नाव इथेही लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. संकल्प : कोणताही पूर्वग्रह न ठेवता पाहणे आणि तुलना करणे. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे चित्रपट, उजवीकडे मालिका. हयात नकाशा खात्यात गेली, रेघ मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. डावा रकाना दुप्पट रुंद ठेवला आहे. तिथे लिहायला जास्त असणार.

४ जानेवारी, संध्याकाळ

पहिला भाग झाला. वाईट.

स्टेशनमास्तर, म्हणजे नायिकेचा बाप, फार तरुण घेतलाय. दाढीचे खुंट वाढवलेत. बापाला आधी बापासारखं दिसता आलं पाहिजे, अभिनय मागाहून. स्टेशनवरचं धुकं मशीनचं. चित्रपटात धुकं खरं होतं, निदान प्रिंट तशी होती. ही म्हणाली, मुलगी छान काम करते हो. मी म्हणालो, पूर्वग्रह नको.

९ जानेवारी

चित्रपटात स्टेशनमास्तर रात्रीच्या गाडीची वाट बघताना शाळेतली एक कविता चालीवर म्हणतो. आम्हाला ती चौथीत होती. मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटत ठेक्यात शिकवली, त्यामुळे अजून एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मालिकेत कवितेच्या जागी व्हायोलिन. म्हणजे बापाचं काळीज काढून तिथे तार बसवली.

जाहिराती लागल्यावर मी पूर्ण कविता म्हणून दाखवली. तिसरं कडवं हात उंचावून म्हटलं. हिने टीव्हीचा आवाज वाढवला. जाहिरात भांड्यांच्या साबणाची होती.

आज नेहमीचा मंगळवार नसूनही ही डबे भरून मैत्रिणीकडे जाऊन आली. ही मैत्रीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि कायम आजारी असते. इतकी वर्षं बरी होत नाही आणि सुटतही नाही. चिवट बाई. पण तिकडून आली की हिचा चेहरा उजळलेला असतो. चालण्याचा परिणाम. मीही उद्यापासून चालणार.

१० जानेवारी

थंडी होती.

१३ जानेवारी

वाचनालयाच्या अध्यक्षांना भेटलो. निवृत्त दंतवैद्य. आपण बोलत असताना डोळ्यांत न बघता तोंडात बघतात. त्यांना म्हणालो, व्याख्यान देतो, विषय 'एक कादंबरी, एक चित्रपट आणि एक मालिका'. दोन तास लागतील. ते म्हणाले, वीस मिनिटं. रक्तदाब तपासणी आणि चहा यांच्या मध्ये.

मान्य केलं. रक्तदाब तपासल्यावर माणूस गंभीर झालेला असतो आणि चहा व्हायचा असल्यामुळे उठून जात नाही. वक्त्याला आणखी काय हवं.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, मालिका अजून अर्धीसुद्धा झाली नाही. मी म्हणालो, निष्कर्ष तयार आहे, फक्त पुरावा यायचा बाकी आहे.

१९ जानेवारी

व्याख्यानाचा गाभा लिहून काढला. गाभा म्हणजे शेवट.

मुलीला शहरात जाऊन नर्स व्हायचंय. बापाचा नकार. गडद कोट घातलेली मुलगी बॅग घेऊन दाराशी उभी. बाप पाठ फिरवून उभा, हाताला पट्टी बांधलेली. बाप म्हणतो : जायचं तर जा. किल्ली ठेवून जा. मग शांतता. मग अंधार. मग दारावर थाप. बाप दार उघडतो, दारात ती. बाप काही न बोलता बाजूला होतो. समाप्त.

अकरा वेळा पाहिला. अकराही वेळा ती परत आली.

आता बारकावा, जो आजवर एकाही समीक्षकाला दिसला नाही. जाताना अंगात कोट आहे, येताना नाही. अर्थात, अहंकार गळून पडला. जाताना बापाच्या हाताला पट्टी आहे, ती येते तेव्हा हात स्वच्छ. मुलीच्या पश्चात्तापाने बापाची जखम भरते. दिग्दर्शकाला मी या जागेसाठी मनोमन नमस्कार करत आलो आहे. व्याख्यानात इथे थोडं थांबायचं, टाळ्यांसाठी.

आमच्याकडेही आठ वर्षांपूर्वी असा एक प्रसंग किरकोळ प्रमाणात घडला होता. मुलीला पलीकडच्या टोकाला नोकरी लागली आणि तिकडेच खोली घेऊन राहते म्हणाली. मी पाठ फिरवली. तेच वाक्य म्हटलं, मध्ये तितकंच थांबलो. त्या दिवशी आवाजही चांगला लागला होता. तिने किल्ली बुटांच्या कपाटावर ठेवली आणि गेली. तिने चित्रपट पाहिलेला नव्हता, त्यामुळे पुढे आपण काय करायचं आहे हे तिला कळलं नाही. मुलांना वेळीच चांगले चित्रपट दाखवले पाहिजेत.

चित्रपटातला बाप मुलीला पत्र धाडत नाही, निरोप धाडत नाही. म्हणून मीही फोन केलेला नाही. वाट बघतो असंही नाही. जिन्यात पावलं वाजली की टीव्हीचा आवाज कमी करतो, तो शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

२४ जानेवारी

मालिका संपली. इतका संताप बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तो खुंट वाढवलेला बाप म्हणतो, जायचं तर जा, किल्ली ठेवून जा. तेवढं बरं म्हटलं. मुलगी किल्ली टेबलावर ठेवते आणि जाते. जाते ती जातेच. गाडी निघते. बाप हातात हिरवा दिवा घेऊन फलाटावर एकटा. व्हायोलिन. नावं वर सरकतात. मी नावं संपेपर्यंत बसलो, ती त्यानंतर येईल म्हणून. त्यानंतर हवामान आलं.

ही मधेच उठून स्वयंपाकघरात गेली होती. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा म्हणाली, तेवढं मात्र बरोबर दाखवलं. मी विचारलं, काय. ही म्हणाली, काही नाही.

उजव्या रकान्यात एकच शब्द लिहिला : विटंबना.

२७ जानेवारी

पुरावा पक्का करावा म्हणून वाचनालयातून कादंबरी आणली. आजवर वाचली नव्हती. चित्रपटाच्या आठवणीला धक्का लागू नये हा हेतू होता. शेवटचं प्रकरण आधी वाचलं.

कादंबरीतही ती जाते. हिरवा दिवा, फलाट, सगळं आहे. दोनदा वाचलं. पानं सलग आहेत, फाटलेली नाहीत.

निष्कर्ष : लेखक शेवटाला आल्यावर थकला. असं होतं. चित्रपटाने मूळ कलाकृतीची चूक दुरुस्त केली आणि मालिकेने ती चूक पुन्हा उकरून काढली. व्याख्यान कमजोर झालं नाही, उलट त्याला धार आली. ही म्हणाली, पुस्तक उलटं धरलं नव्हतंत ना. या घरात साहित्याला वातावरणच नाही.

१ फेब्रुवारी

मोठी कल्पना सुचली. थिएटरचे मालक अजून आहेत. थिएटरच्या जागी पलंग आणि गाद्यांचं दुकान झालंय, तिथेच एका गादीवर बसलेले असतात. पंच्याऐंशी वय, कानात यंत्र, पण आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. मी तुमचा जुना प्रेक्षक म्हणताच त्यांनी मला बसवून घेतलं आणि गादी किती मऊ आहे ते दाबून बघायला लावलं. व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून या म्हणालो. म्हणाले, गाडी पाठवा. रिक्षा पाठवतो म्हणालो.

एक जिवंत साक्षीदार. आता कुणाची बिशाद आहे.

५ फेब्रुवारी

व्याख्यान झालं. उपस्थिती उत्तम, कारण रक्तदाबाचं मशीन नवीन होतं. ही मागच्या रांगेत बसली होती.

सुरुवातीला कविता म्हटली. दंतवैद्यांनी घड्याळ बघितलं. मग मालिकेचा समाचार घेतला, मग कोट आणि पट्टीवर आलो. जखम भरते, या वाक्यावर ठरल्याप्रमाणे थांबलो. त्या शांततेत मालक मोठ्याने हसायला लागले.

म्हणाले, अहो, ती कारागिरी माझी. कंपनीकडून चित्रपट आला तेव्हा शेवटच्या रिळात पोरगी कायमची जाते आणि बाप दिवा धरून उभा. पहिल्या दिवशी बायाबापड्या डोळे पुसत बाहेर पडल्या. रडून गेलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे मला ठाऊक. मी ते रीळ डब्यातच ठेवलं. चित्रपटाच्या अर्ध्यात एकदा तिची गाडी चुकते आणि ती घरी परत येते, तो तुकडा तिथून कापला आणि शेवटाला चिकटवला. तेव्हा तिने कोट घेतलेला नसतो आणि बापाचा हात सिग्नलच्या खटक्यात सापडायचा असतो. जखम कसली भरते, झालीच नाही अजून.

सभागृह बराच वेळ हसत होतं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा रक्तदाब पुन्हा मोजावा लागला. मालकांनी उभं राहून अभिवादन स्वीकारलं. दंतवैद्य म्हणाले, फारच रंगलं, आता चहा. माझी आठ मिनिटं शिल्लक होती.

घरी येताना ही कोपऱ्यापर्यंत माझ्या पुढे चालत होती. मग म्हणाली, म्हणजे आठ वर्षं तुम्ही त्या गादीवाल्याच्या कात्रीवर विसंबून बसलात. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

६ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. मालक हेच या चित्रपटाचे खरे दिग्दर्शक. कंपनीला जे साधलं नाही ते एका माणसाने कात्री आणि चिकटपट्टीने साधलं. खरा शेवट कोणता, हे जास्त लोकांनी पाहिलेल्या शेवटावरून ठरत नाही. जो पाहून माणसाला रात्री झोप लागते तो खरा. यावर लेख लिहायला घेतला, मथळाही सुचला.

हिला वाचून दाखवायला गेलो. ही बॅगेची चेन नीट लागते का ते बघत होती.

७ फेब्रुवारी, सकाळ

ही गेली.

चहा झाल्यावर बॅग दाराशी आणून ठेवली आणि म्हणाली, मी लेकीकडे चाललेय, काही महिने राहीन, तिथे माझी गरज आहे. मी म्हणालो, तिचा पत्ता तरी आहे का तुझ्याकडे. म्हणाली, दर मंगळवारी कुठे जात होते असं वाटलं तुम्हाला. मी म्हणालो, आजारी मैत्रिणीकडे. म्हणाली, एकदा तरी तब्येतीची चौकशी केलीत का तिच्या.

हा मुद्द्याला सोडून बोलण्याचा प्रकार होता. मी पाठ फिरवली. म्हणालो, जायचं तर जा. मध्ये थांबलो. किल्ली ठेवून जा.

मागून हसू ऐकू आलं. ही म्हणाली, किल्ली माझी आहे आणि घरही माझं आहे. भाजी दोन दिवस पुरेल, फोनचा नंबर कॅलेंडरवर लिहिलाय, अक्षर मोठं काढलंय. मग पर्सची चेन आणि जिन्यावरची पावलं.

परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. किल्ली ठेवली नाही, त्याअर्थी ती परत येणार. वाक्य लागू पडतं, एवढंच की उशिरा. दुपारपर्यंत येईल. बिजागरीला तेल घातलं.

कॅलेंडर बघितलं. नुसतं बघितलं. नंबर लक्षात राहण्यासारखा आहे.

७ फेब्रुवारी, दुपार

आत्ता बेल वाजली. टीव्ही बंदच होता. मी सावकाश गेलो, दार उघडलं, आणि नेहमी मनात ठरवलं होतं तसा काही न बोलता बाजूला झालो.

दारात एक अनोळखी तरुण. चष्मा, हातात हेल्मेट, डोळ्यांखाली जागरण, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. आजकाल शिस्त म्हणून राहिलेली नाही. घरात बाळ झोपलेलं असल्यासारखा हळू बोलत होता. म्हणाला, आईंच्या गोळ्या राहिल्यात, फ्रिजवर डाव्या बाजूला असतील असं म्हणाल्या. मी विचारलं, कुणाच्या आई. तो म्हणाला, आमच्या. मग चष्मा सारखा करून म्हणाला, मी तुमचा जावई. तीन वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, मला वाटलंच.

आणि पायपुसण्यावर बूट पुसत तसाच उभा राहिला, आत या म्हणण्याची वाट बघत.

गोळ्या शोधतो असं सांगून आत आलो आहे. गोळ्या सांगितल्या तिथेच होत्या, डाव्या बाजूला. हातात आहेत. दार उघडं आहे, त्याची सावली इथून दिसते. कादंबरी संपूर्ण चाळली, मालिका एक भाग न चुकवता पाहिली, चित्रपट अकरा वेळा. हा माणूस कुठल्याच शेवटात नाही, आणि त्याला काय म्हणायचं असतं ते मला कुणी लिहून दिलेलं नाही.