बाबांच्या मरणाची पट्टी

तीर्थरूप योलांकाताईस,

बुडापेस्टहून धाकट्या लोरांतचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. तुझा गुडघा कसा आहे? हंसांनी यंदा वजन धरलं का? मी धडधाकट आहे, हीच काय ती वाईट बातमी.

ताई, काल तुझा भाऊ यशस्वी झाला. आता तोंड कुठे लपवू, सांग.

तुला ठाऊक आहे, मी सकाळी कॅफेत बसून बाबांवरची शोकांतिका लिहायचो आणि दुपारी त्याच टेबलावर, पोटासाठी, सिनेमा. (त्यात एक सरदार आपला हरवलेला कुत्रा टोनी शोधत असतो. शेवटपर्यंत शोधतो.) लेखकांना कागदाच्या लांब पट्ट्या हेडवेटर गेर्गेयकाका फुकट देतात आणि लिहून झालं की आपल्याच खणात सांभाळतात. पट्ट्यांवर पानांचे आकडे आमच्यात कुणी घालत नाही, काकांना सगळ्यांचं सगळं पाठ. पण वसंतात ते मुलीच्या लग्नाला गेले आणि बदलीवरच्या वेटरने माझे दोन्ही गठ्ठे एकत्र आवरून ठेवले. आवरून, ताई! इतकं नुकसान टीकाकारांनीही कधी केलं नव्हतं. टाइप करणाऱ्या विल्माबाईंनी जे समोर आलं ते उतरवलं. (माझं लिखाण समजत नाही म्हणूनच ते थोर असावं, असा त्यांचा समज आहे.) आणि तालमीला मला मज्जाव होता, कारण लेखक दिसला की नटांना मजकुराची आठवण होते, असं दिग्दर्शकाचं म्हणणं.

तर काल पहिला प्रयोग. तिसऱ्या अंकात बाबा उशीवरून मान उचलतात, आता शेवटचं बोलणार म्हणून मी डोळे मिटले, आणि बाबा म्हणाले, "माझा टोनी कुठाय? त्यानं सॉसेज खाल्लं का?" थिएटर हसून लोळलं. मग सगळे एका तालात टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्यांसाठी आपल्याकडचे नाटककार आयुष्य घालवतात. मी नऊ वेळा वाकलो. दिग्दर्शक कानात पुटपुटला, "मरताना कुत्र्याची चौकशी! काय माणूस ओळखलायस लेका." रडत होते एकटे गेर्गेयकाका.

तिकडे स्टुडिओत, हे मला आज सकाळी कळलं, बाबांचं खरं बोलणं त्या सरदाराच्या तोंडी गेलं होतं. नटीला रडू कोसळलं, खोट्या पापण्या गळून पडल्या, दिवस वाया गेला. निर्मात्याने पट्टीसकट ते पान शेगडीत घातलं आणि मला म्हणाला, "तुला हसवायला सांगितलं होतं, बाप मारायला नाही." मग मला काढून टाकलं. आता टोप्या शिवण्यात जन्म घालवलेल्या आपल्या बाबांना रोज संध्याकाळी सॉसेजची चौकशी करत मरावं लागणार. मला हे सहन होत नाही.

तुझा,
लोरांत

ता. क. बाबा शेवटी काय म्हणाले ते पुन्हा लिहून पाठव. गुरुवारच्या आत. तुझं मूळ पत्र त्या पट्टीला टाचलेलं होतं, तेही जळलं. मी ते वाक्य इतक्यांदा सुधारलं की त्यातलं बाबांचं किती आणि माझं किती, आता मलाच कळत नाही.

आणखी एक. नाटकातला मुलगा बापाचा हात धरून बसलेला आहे. ती पट्टी मात्र जागच्या जागी राहिली. बाबा जाताहेत अशी तुझी तार आली तेव्हा मी कॅफेत बसलो होतो, आणि बसूनच राहिलो, हे तू गावात कुणाला सांगितलं नाहीस. त्या जागी इथे कुणी हसत नाही. तिथे हसण्यासारखं काय आहे ते एकट्या तुलाच कळेल, म्हणून तू नाटकाला येऊ नकोस.